वह्या आणि त्यांचे नाते
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला कोणी आरोग्यावर, कोणी मुलांच्या संगोपनावर, तर कोणी दिवाळीच्या फराळावर चार शब्द बोलते. यंदा कार्यकारिणीने मला सांगितले की, मंडळाची दप्तरे संगणकावर कशी चढवली ते तुम्हीच सांगा. विषय ऐकून मागच्या रांगेत जरा कुजबुज झाली, ती मला इथवर ऐकू आली. ती साहजिकच आहे. 'डेटाबेस' हा शब्दच असा की, हे बँकेतल्या माणसांचे काम, आपले नव्हे, असे वाटावे. पण मी सातवी झालेली बाई. मला जे उमगले ते तुम्हाला उमगणार नाही असे मुळीच नाही.

हा उपद्व्याप सुरू का झाला, ते आधी सांगते. आपल्या मंडळात एकाच नावाच्या दोन भगिनी आहेत. नाव एक, आडनाव एक, नवऱ्याच्या नावाचे पहिले अक्षरही एक. एकीने कर्जाचे हप्ते वेळच्या वेळी भरले आणि ते वहीत दुसरीच्या नावापुढे चढत गेले. दिवाळीच्या आधी हिशेब झाला तेव्हा जिने पैसे भरले तिलाच सर्वांसमक्ष सांगितले गेले की, तुमचे देणे थकले आहे. तिने पावत्या घरी शोधल्या, त्यांतल्या दोन सापडल्या नाहीत. पुढे पाच महिने ती बाई मंडळाची पायरी चढली नाही. शेवटी घोळ सापडला, माफी मागितली गेली, पण गेलेले पाच महिने काही परत आले नाहीत. यात लिहिणाऱ्या बाईंचा दोष नव्हता. वहीत नावाखेरीज ओळखीची दुसरी खूणच नव्हती. दोष वहीच्या मांडणीचा होता.

माझी पुतणी पुण्याला शिकते. तिला मी हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "काकू, याला वही नको, रिलेशनल डेटाबेस हवा. आणि तो फुकट मिळतो." फुकट म्हटल्यावर मी कान टवकारले, हे काही लपवत नाही!

डेटाबेस म्हणजे काय, तर व्यवस्थित आखलेल्या वह्यांचा गठ्ठा. प्रत्येक वहीला टेबल म्हणायचे. त्यात आडव्या ओळी आणि उभे रकाने, आपल्या रेशनकार्डावर असतात तसेच. 'रिलेशनल' या शब्दाने पुष्कळांची फसगत होते. वाटते की, वह्यांचे आपसांत नाते असते म्हणून हे नाव. नाते असतेच, पण नाव तिथून आलेले नाही. गणितात अशा तक्त्यालाच रिलेशन म्हणतात.

ही कल्पना मांडली एडगर कॉड नावाच्या गृहस्थांनी, १९७० साली. ते मूळचे इंग्लंडचे, नोकरी अमेरिकेत आयबीएम कंपनीत. त्याआधी संगणकातून माहिती काढायची तर ती आत कोणत्या वाटेने ठेवली आहे हे ठाऊक असावे लागे. दुसरीच्या स्वयंपाकघरात आपण गेलो म्हणजे कसे होते? हिंग वरच्या फळीवर, तिसऱ्या डब्यामागे, हे माहीत असेल तरच फोडणी होते. आणि तिने फळी बदलली की आपली पंचाईत. कॉड यांनी म्हटले, माणसाने फक्त 'हिंग हवा' एवढे सांगावे, तो कुठे आहे हे शोधणे यंत्राचे काम. मग १९७४ मध्ये त्याच कंपनीतल्या डॉनल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस या दोघांनी असे मागणे मागायची भाषा प्रसिद्ध केली. तिलाच आज एसक्यूएल म्हणतात. बॉइस बिचारे त्याच वर्षी वारले. आणि भगिनींनो, हिंग शोधायची सर्वांत जवळची वाट यंत्राने स्वतः कशी निवडावी, यावरचा १९७९ सालचा जो मोठा निबंध आहे, त्यात पहिले नाव एका बाईचे आहे. पॅट्रिशिया सेलिंजर त्यांचे नाव.

आता फुकटची गोष्ट. याला 'ओपन सोर्स' म्हणतात. म्हणजे नुसता लाडू देत नाहीत, लाडवाची कृतीही देतात. करून पाहा, बदल करा, शेजारणीला द्या. असे डेटाबेस बरेच आहेत. फिनलंडच्या एका गृहस्थांनी, मायकेल विडेनियस यांनी, १९९५ च्या सुमारास एक काढला आणि त्याला आपल्या थोरल्या लेकीचे नाव दिले. तिचे नाव 'मी', म्हणून 'मायएसक्यूएल'. पुढे तो एका मोठ्या कंपनीने विकत घेतला आणि २०१० मध्ये ती कंपनी त्याहून मोठ्या कंपनीकडे गेली. पण कृती उघडी होती ना! विडेनियस यांनी त्याच कृतीवरून २००९ मध्ये दुसरा डेटाबेस काढला आणि धाकट्या लेकीचे नाव दिले, 'मारियाडीबी'. कृती उघडी असली की घर विकले तरी चूल विझत नाही, ती अशी.

आम्ही घेतला तो याहून लहान, 'एसक्यूलाइट' नावाचा. रिचर्ड हिप या अमेरिकन गृहस्थांनी तो २००० साली लिहिला. ते एका युद्धनौकेच्या कामावर होते. तिथला मोठा डेटाबेस बंद पडला की यांचे कामही अडे, म्हणून कोणावर अवलंबून न राहणारा छोटा डेटाबेस त्यांनी केला. त्यावर त्यांनी मालकी हक्कही ठेवलेला नाही, गावच्या विहिरीसारखा तो सर्वांचा. सगळा डेटाबेस एका फायलीत मावतो. आणि मौज अशी की, तुम्हा सर्वांच्या मोबाइलमध्ये तो आधीपासून आहे. अँड्रॉइड असो की आयफोन, आत एसक्यूलाइट असतोच. अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सअ‍ॅपचे निरोप साठतात तेही त्यातच. तेव्हा सकाळी सहा वाजता फुलांची चित्रे पाठवणाऱ्या भगिनी रोज डेटाबेसात नोंदी करतातच, फक्त त्यांना ते ठाऊक नसते.

संगणकावर 'डीबी ब्राउझर' म्हणून एक साधन घेतले, तेही फुकट. त्यात वह्या डोळ्यांना दिसतात. आम्ही तीन वह्या आखल्या. एक सभासदांची, एक मासिक बचतीची, एक कर्जाची. सभासदांच्या वहीत प्रत्येकीला एक क्रमांक, जो पुन्हा कोणालाही मिळायचा नाही. याला प्रायमरी की म्हणतात. नाव बदलो, आडनाव बदलो, पत्ता बदलो, क्रमांक तोच. आपल्या बायकांच्या बाबतीत हे किती महत्त्वाचे! माहेरचे नाव एक, सासरचे दुसरे, कोणाचे लग्नात पहिले नावही बदललेले. शिवाय एकच 'ज्योती' कोणी ऱ्हस्व लिहिते, कोणी दीर्घ, आणि संगणकाला त्या दोन निराळ्या बायका वाटतात. बचतीच्या वहीत मग नाव लिहायचेच नाही, फक्त सभासद क्रमांक, महिना आणि रक्कम. नाव एकाच ठिकाणी राहते, त्यामुळे दुरुस्तीही एकाच ठिकाणी.

बचतीच्या वहीतला क्रमांक सभासदांच्या वहीत असलाच पाहिजे, अशी राखण ठेवता येते. तिला फॉरेन की म्हणतात. नसलेल्या सभासदाच्या नावावर पैसे चढवायला गेले तर यंत्र नकार देते. मात्र जुन्या फायलींची अडचण होऊ नये म्हणून एसक्यूलाइट ही राखण मुळात बंद ठेवते. ती चालू आहे की नाही, हे आपण पाहून घ्यावे.

सभासदांची वही आखताना आमची काकू-पुतणीची जुंपली, ते जरा सविस्तर सांगते. तिने 'पतीचे नाव' असा रकाना केला आणि त्याला 'नॉट नल' लावले, म्हणजे तो कोरा ठेवता येणार नाही. सगळ्या छापील अर्जांत असतो तसा. मी म्हटले, "अग, आपल्यात सात जणी अशा आहेत की, त्यांनी इथे काय लिहावे? दोघींचे लग्न झालेले नाही. काही विधवा आहेत. एकीला नवऱ्याने टाकले, तिला दर नोंदीला त्याचे नाव लिहायला लावायचे?" ती म्हणाली, "मग रेघ मारून ठेवू." मी म्हटले, रेघ नको आणि रकानाही नको. मंडळाला त्या रकान्याचा उपयोग काय? पैसे बाईचे, सही बाईची. तो रकाना आम्ही काढला. जातीचा रकाना तर केलाच नाही, आणि आधार क्रमांकही लिहीत नाही. वही आखणारा जे रकाने आखतो, त्यावर वहीत कोण सरळपणे मावते आणि कोणाला आखडून बसावे लागते हे ठरते. कागदाच्या वहीत समासात तरी काही लिहिता येते. इथे समास नाही.

आता भाषा. भिऊ नका, रोजच्या कामाला इंग्रजी शब्द डझनभर पुरतात. वह्यांची आणि रकान्यांची नावे मराठीत चालतात, ती आम्ही मराठीतच ठेवली. आज्ञा अशी: 'सिलेक्ट नाव फ्रॉम सभासद व्हेअर वाडी = वरची'. म्हणजे सभासदांच्या वहीतून वरच्या वाडीतल्या बायकांची नावे काढ. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी, हिच्यात ते सर्वांत आधी. सासूबाई हाक मारतात तसे, "आण ग, पाणी, माठातले, गार असेल ते." एवढे लक्षात ठेवले की अर्धी भाषा आली. 'ऑर्डर बाय' म्हणजे क्रमाने लाव. 'ग्रुप बाय' म्हणजे एकेकीचे निराळे ढीग कर. 'सम' म्हणजे ढिगाची बेरीज. या दोन्हींनी प्रत्येकीची वर्षाची बचत एका आज्ञेत निघते. पूर्वी त्याला तीन दुपारी लागत.

'जॉइन' म्हणजे क्रमांक जुळवून दोन वह्या शेजारी ठेवणे. सभासद आणि बचत यांचा जॉइन केला की कोणी किती भरले ते नावासह दिसते. पण एक मेख आहे. साध्या जॉइनमध्ये जिने त्या महिन्यात काहीच भरले नाही ती दिसतच नाही. दुसऱ्या वहीत तिची जुळणारी ओळच नाही, मग ती गळते. यादी सुरेख दिसते, बेरीज बरोबर येते, आणि जिची चौकशी करायला हवी तीच नाहीशी! त्यासाठी 'लेफ्ट जॉइन' लावतात. म्हणजे डावीकडच्या वहीतली प्रत्येक बाई राहू दे, उजवीकडे जोड नसेल तर जागा कोरी ठेव. मग ज्यांची जागा कोरी आहे त्याच काढायच्या. यातही महिन्याची अट जोडणीतच, 'ऑन'च्या पुढे, घालावी लागते. ती खाली 'व्हेअर'मध्ये घातली तर कोऱ्या ओळी पुन्हा गळतात. हे मला समजायला दोन दिवस लागले. शेवटी सभासदांच्या नावांच्या चिठ्ठ्या चटईवर मांडल्या, समोर पावत्या ठेवल्या, तेव्हा डोक्यात उजेड पडला. चिठ्ठी आधी उचलायची की पावती आधी तपासायची, एवढाच प्रश्न असतो.

कोऱ्या जागेला 'नल' म्हणतात. नल म्हणजे शून्य नव्हे. शून्य म्हणजे विचारले आणि काही नव्हते. नल म्हणजे नोंदच नाही. म्हणून 'रक्कम = नल' असे विचारले तर एकही ओळ मिळत नाही. जे ठाऊकच नाही ते कशाच्या बरोबरीचे म्हणणार? 'इज नल' असेच विचारावे लागते. सरासरी काढतानाही यंत्र नल वगळते आणि शून्य धरते, त्यामुळे उत्तर बदलते.

आणखी एक गोष्ट पुतणीने मुद्दाम करून दाखवली. रकमेच्या रकान्यात तिने मराठी आकड्यांत ५०० लिहिले. यंत्राने ते निमूटपणे घेतले. मग बेरीज केली तर ते पाचशे बेरजेत आलेच नाहीत! संख्या म्हणून यंत्राला फक्त इंग्रजी आकडे कळतात. आपले आकडे त्याला अक्षरे वाटतात आणि अक्षरांची किंमत ते शून्य धरते. ओरडत नाही, सांगत नाही. एका बाईचे पाचशे रुपये असे मुकाट्याने जातील. यावर उपाय असा की, टेबल करतानाच शेवटी 'स्ट्रिक्ट' लिहायचे. ही सोय २०२१ च्या अखेरीस आली. मग आकड्याच्या जागी अक्षरे आली की यंत्र तिथेच अडवते. तारखाही आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशा आणि दोन-दोन आकडी लिहाव्या. नाहीतर क्रम लावताना दहावा महिना दुसऱ्याच्या आधी येतो.

खोडण्याची आज्ञा 'डिलीट'. तिच्यापुढे 'व्हेअर' घातले नाही तर ती सगळी वही पुसते, आणि विचारीतही नाही. तेव्हा आमच्याकडे नियम असा की, आधी त्याच अटीने 'सिलेक्ट' करून पाहायचे, दोघींनी ओळी मोजायच्या, मगच 'सिलेक्ट'च्या जागी 'डिलीट'. शिवाय डीबी ब्राउझरमध्ये आपण 'राइट चेंजेस' दाबेपर्यंत बदल कायम होत नाहीत, 'रिव्हर्ट' दाबून मागे येता येते. याच्यामागची कल्पना मला फार आवडली. तिला ट्रान्झॅक्शन म्हणतात. समजा, एकीच्या बचतीतून शंभर रुपये काढून तिच्याच कर्जात भरायचे आहेत. नोंदी दोन, पण काम एक. पहिली झाली आणि वीज गेली तर? आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही. दोन्ही नोंदी एका ट्रान्झॅक्शनमध्ये असल्या तर वीज आल्यावर फाइल उघडताच यंत्र अर्धवट नोंद मागे घेते. दोन्ही होतील, नाहीतर एकही नाही. शंभर रुपये वाटेत हरवत नाहीत.

हे सारे सांगितले म्हणून कागद फेकून द्या असे माझे म्हणणे नाही. पावतीपुस्तक आणि सही चालूच आहे आणि चालूच राहील. खोटी रक्कम लिहिली तर यंत्र ती तितक्याच इमानाने जपून ठेवते. शिवाय एसक्यूलाइटमध्ये एका वेळी एकीनेच लिहायचे. उद्या दहा वाड्यांतून एकदम नोंदी करायच्या झाल्या तर 'मारियाडीबी' किंवा 'पोस्टग्रेस' बरे. तो पोस्टग्रेस अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात १९८६ मध्ये सुरू झाला, तोही उघड्या कृतीचा. आपल्याला आज त्याची गरज नाही. फायलीची नक्कल मात्र दर महिन्याला होते, फाइल बंद करून, दोन पेनड्राइव्हवर. एक मंडळाच्या कपाटात, एक खजिनदारबाईंच्या घरी. १५ वर्षांपूर्वीच्या वह्यांचे वाळवीने काय केले ते जुन्या भगिनींना आठवत असेल.

गेल्या महिन्यात लेफ्ट जॉइनने तीन नावे कोरी काढली, तीन-तीन महिने बचत न भरलेली. वहीच्या काळात आपण दंड लावून मोकळे झालो असतो. या खेपेस आम्ही तिघींकडे गेलो. एक मुलीच्या बाळंतपणाला गेली होती. एकीने भरले होते, पावती तिच्याकडे होती, पण नोंद राहून गेली होती, ती तिथेच केली. तिसरी अंथरुणाला खिळून होती आणि शेजारीसुद्धा कोणाला पत्ता नव्हता. तिच्याकडे आता पाळीपाळीने डबा जातो. पुढच्या आठवड्यात बुधवार आणि शुक्रवार अजून रिकामे आहेत. ज्यांना जमेल त्यांनी कार्यक्रम संपल्यावर मला भेटावे.

दर गुरुवारी दुपारी तीन वाजता मंडळाच्या खोलीत संगणक चालू असतो. ज्यांना आपली नोंद पाहायची असेल त्यांनी अवश्य यावे, स्वतःची ओळ स्वतः वाचावी. येताना जुन्या पावत्या आणाव्या, आणि चष्मा लागत असेल तर तोही. अक्षर बारीक आहे.